आडव्या रेघा

९ जानेवारी

आज माझे सगळे पीस पास झाले आणि मला रडू आलं.

हे कुणाला सांगायची सोय नाही. खालच्या मजल्यावरच्या जाऊबाईंना सांगावं, तर सकाळी जिन्यातल्या प्रत्येक घरी पोचलेलं असेल. म्हणून ही डायरी. कारखान्याने नव्या वर्षाची म्हणून सगळ्यांना वाटली, आणि सगळ्यांनी ती घरी नेऊन पोरांना रेघोट्या मारायला दिली. माझा मुलगा परगावी नोकरीला. त्यामुळे माझी कोरीच होती.

बाहेरच्या लोकांना वाटतं, पिस्तुलाच्या कारखान्यात आम्ही दिवसभर धडाधड गोळ्या झाडतो. मी जन्मात एक गोळी झाडलेली नाही. माझ्या बाकावर येते ती स्लाइड. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा लांबट भाग मागे जाऊन पुढे येतो ना, ती. मशिनीतून निघते तेव्हा अंगभर पात्याच्या खुणा, कडांना बर, म्हणजे धातूचे बारीक काटे, भोकांच्या तोंडाशी अशी धार की बोट कापावं. मी ती घासते. कडा मोडायच्या, पण साबणाच्या वडीसारख्या गोल करायच्या नाहीत. कोरलेली अक्षरं पुसट होऊ द्यायची नाहीत. आणि घासायच्या कागदाच्या बारीक रेघा सगळ्या एकाच दिशेने, तोंडापासून मागच्या टोकापर्यंत लांबीने. एक जरी आडवी गेली, तरी उजेडात डोळ्यांत खुपते. इतकं झालं की स्लाइड तपासणीच्या टेबलावर जाते. तिथे बसतात आमचे हे. ह्यांचा ठसा पडला की ती निळा-काळा रंग चढवायच्या टाकीत, आणि टाकीतून निघाली की रंग बघायला पुन्हा ह्यांच्याकडेच.

तर आज ह्यांनी माझा ट्रे पुढे ओढला. स्लाइड उचलली, ठसा मारला, ठेवली. उचलली, मारला, ठेवली. बघितलंच नाही! आणि माझ्या शेजारच्या बाकावरच्या त्या घारीची एक स्लाइड हातात घेऊन इतका वेळ बसले, इतका वेळ! उलटी केली, सुलटी केली, अंगठ्याचं नख कडेवरून सावकाश फिरवलं. मला माझ्या जागी बसून लाज वाटली.

घारी म्हणजे नवीन लागलेली. मुलगी मुलगी करतात तिला, पण तिशीची घोडी आहे. घारे डोळे, लांब मान, आणि हसली की गालाला खळी. नाव बरंच लांबलचक आहे, पण मी मनात घारीच म्हणते.

१४ जानेवारी

हे पूर्वी असे नव्हते. पूर्वी स्लाइड आडवी धरायचे आणि वरच्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्या अंगावर पाडायचे. उजेडाची रेघ सरळ आली तर पृष्ठभाग सपाट. रेघ वाकली तर घासताना हात दबलाय, लाट आलीय. मी नवीन लागले तेव्हा माझी पहिली स्लाइड ह्यांनी अशीच धरली होती आणि म्हणाले होते, “बाई, तुमचा हात सुतात आहे.” तेवढ्यावर मी भाळले. लोक फुलांवर भाळतात, मी ट्यूबलाइटवर.

मागच्या पावसाळ्यात मात्र ह्यांनी एकदा अख्खा ट्रे परत पाठवला. का, तर लाटा आहेत म्हणे. आम्ही सगळ्यांनी उजेडात धरून बघितलं, कुणालाच लाट दिसेना. साहेब आले, त्यांनाही दिसेना. हे मात्र हटून बसले, “रेघ वाकडी येते आहे, मी काय खोटं बोलतोय?” त्या दिवसानंतर ट्यूबलाइट बंद आणि नख सुरू. आता नखाची अशी काही ख्याती झालीय की बोलायची सोय नाही. नखातून केसाएवढा बर सुटत नाही, हे मलाही मान्य. पण ते नख माझ्या स्लाइडवर का फिरत नाही?

जेवताना विचारलंच. “माझे पीस तुम्ही बघत का नाही?”

“तुझे काय बघायचे?” म्हणाले आणि मीठ मागितलं. मीठ समोरच होतं.

तुझे काय बघायचे! म्हणजे बघण्यासारखं आता काही उरलं नाही, असंच ना? अंगाचा नुसता तिळपापड झाला. मीठ मी उचलून दिलं नाही. ह्यांनी अळणी जेवण मुकाट्याने खाल्लं.

२१ जानेवारी

आज जे बघितलं ते बघायला मी बाकावर नसते तर बरं झालं असतं.

घारीची एक स्लाइड टाकीतून रंग चढून आली होती. ह्यांनी ती बघून पास केली, ठसाही मारला. आणि ही बया ती स्लाइड उचलून परत ह्यांच्या टेबलाकडे! पास झालेला पीस कुणी परत नेतं? इतकी वर्षं झाली मला, असं कधी बघितलं नाही. पास झालेल्या पीसकडे आम्ही मागे वळूनसुद्धा बघत नाही, न जाणो तपासणीसाचं मन बदललं तर! पण हिला बहाणा हवा होता. टेबलावर वाकली, बोट ठेवून काहीतरी दाखवलं आणि हळूच कुजबुजली. ह्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी रंगेहाथ पकडलंय. उठले, तिला खिडकीपाशी घेऊन गेले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने जवळून गेले. एकच वाक्य कानावर पडलं. हे म्हणत होते, “कुणाला सांगू नका. घरी तर अजिबात नाही.”

घरी तर अजिबात नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी तसंच टाकलं आणि बाकावर येऊन तासभर एकच कड घासत बसले. कड गेली ती गेलीच. तो पीस मी स्वतःच बाद केला. माझ्या हातून पहिल्यांदाच.

२ फेब्रुवारी

केस कापले. पुष्कळच. मानेवर थंडी वाजते. जाऊबाई जिन्यातूनच ओरडल्या, “अगंबाई, दहा वर्षांनी लहान झालीस की!” कारखान्यात सगळ्यांनी विचारलं. साहेबांनीसुद्धा “काय, विशेष?” म्हटलं. घारीने तर केसांना हात लावून बघितलं, “छान दिसतंय हो ताई.” ताई म्हणे! तिची ताई व्हायला मी अजून मेलेली नाही.

ह्यांना? ह्यांना पत्ताच नाही. समोर बसले, जेवले, बोलले, एक शब्द नाही.

आणि एक गोष्ट आता माझ्या लक्षात आलीय. हे माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांत बघतच नाहीत. माझ्या कानाकडे बघतात. मी मान वळवली की नजर पुन्हा सरकते. मन खात असतं ना माणसाचं! जाऊबाईंना मी नुसतं एवढंच सांगितलं, बाकी काही नाही. तर त्या भांडं पुसता पुसता म्हणाल्या, “माझं ऐक, तोंडाकडे बघवत नाही याचा अर्थ तोंड दाखवायला जागा नाही.” म्हणजे मी म्हणत होते तेच.

पण घारीकडे तरी सरळ बघतात का? तर नाही! तिच्याकडेही असंच तिरकं, खांद्यावरून, चोरून. सगळ्यांसमोर सरळ बघायची हिंमत नाही म्हणून.

१० फेब्रुवारी

दोन बातम्या. कुठली आधी लिहू?

ह्यांनी स्कूटर विकली. गुडघा दुखतो म्हणे. इतकी वर्षं मी ह्यांच्या पाठीला टेकून कारखान्यात गेले. आता बस. आणि संध्याकाळी कारखान्याबाहेरच्या बसथांब्यावर कोण उभी? घारी! तिचीही तीच बस. लांबूनच ओरडते, “आली हो आपली.” आपली! बसवरचा आकडा आम्हाला वाचता येत नाही जसा काही.

दुसरी बातमी साहेबांनी आज सगळ्यांसमोर सांगितली. मोठी ऑर्डर आलीय, तपासणीवर ताण आहे, म्हणून नोंदी लिहायला एक मदतनीस दिलाय. कोण मदतनीस? सांगायलाच हवं का? साहेब वर म्हणतात, ह्यांनी स्वतःच तिचं नाव सुचवलं. आता ती बाक सोडून ह्यांच्या टेबलाला खुर्ची लावून बसते. हे नख फिरवतात, स्लाइड तिच्या हातात देतात, ती उजेडात धरते, कुजबुजते, हे मान डोलावतात, ती लिहिते. दोघांची डोकी एवढी जवळ, एवढी जवळ, की मधून कागद जायचा नाही.

आणि माझा ट्रे आला की? तिने हात पुढे केला होता, माझ्या डोळ्यांनी बघितलं. ह्यांनी तो बाजूला सारला आणि भराभर ठसे मारून मोकळे झाले. माझ्या कामाला ह्या दोघांच्या खेळात जागासुद्धा नाही.

१३ फेब्रुवारी

ताप. घरीच.

संध्याकाळी जाऊबाई वर आल्या, खिडकीतून काय बघितलं ते सांगायला. हे बसमधून उतरले. बरोबर ती. पुढचा रस्ता तिने ह्यांचं कोपर धरून ओलांडून दिला. कोपर धरून! ती पुन्हा मागे फिरून दुसऱ्या बसला गेली म्हणे. म्हणजे खास सोडायला आली होती.

“गुडघा दुखत असेल भाऊजींचा,” जाऊबाई म्हणाल्या, पण तोंडावर असं हसू होतं की मला ताप उतरल्यासारखं झालं. उठले, गार पाण्याने तोंड धुतलं आणि जिना चढताना ह्यांची पावलं ऐकत उभी राहिले. गुडघ्याचं दुखणं कुठेच ऐकू आलं नाही.

१७ फेब्रुवारी

झालं एकदाचं. भांडण.

मी चहा ठेवला होता, हे कपात ओतत होते आणि अर्धा चहा बशीत, अर्धा टेबलावर.

“लक्ष कुठे असतं तुमचं?” मी म्हटलं. “का ते मीच सांगू?”

“सांडला थोडा. पुसतो मी.”

“चहाचं नाही विचारत. त्या घारीचं काय चाललंय?”

“कोण घारी?”

बघा! नाटक! मी म्हटलं, “तुमची मदतनीस. जी हल्ली कोपर धरून तुम्हाला रस्ता ओलांडून देते.”

हे फडक्याने टेबल पुसत राहिले. चहा होता तिथे नाही, कोरडं होतं तिथे. मग खाली बसले. “तुला वाटतंय तसं काही नाही,” म्हणाले.

“मग कसं आहे?”

“सांगेन. ही ऑर्डर निघू दे. तेवढे दिवस दे मला.”

“ऑर्डरचा आणि तिचा काय संबंध?”

“आहे संबंध. गिऱ्हाइकाचा माणूस माल बघून गेला की मी स्वतःच साहेबांना सांगणार आहे. तुलाही. ओरडू नकोस गं, मला आधीच...” आवाज भरून आला होता. ह्यांना रडताना मी एकदाच बघितलंय, सासूबाई गेल्या तेव्हा.

म्हणजे प्रकरण इतकं पुढे गेलंय की साहेबांना सांगायची पाळी आलीय. मी फडकं हिसकावून घेतलं आणि टेबल पुसलं. मला दुसरं काही सुचलं नाही. ह्या माणसाशिवाय मी काय करू? खरंच विचारते, काय करू? मला राग येतो तेव्हा बरं असतं.

२६ फेब्रुवारी

आज मी एक गोष्ट केली. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

मी एक स्लाइड मुद्दाम बिघडवली.

मोठ्या ऑर्डरचीच. आधी ती पूर्ण केली, इतकी सुरेख की स्वतःच्याच हाताची दृष्ट लागावी. मग सगळ्यात बारीक कागद घेतला आणि उजव्या बाजूला, अक्षरांच्या पुढे, अंगठ्याएवढ्या जागेत आडव्या रेघा मारल्या. लांबीच्या रेघांवर आडव्या. कागद इतका बारीक की बोटाला काही लागत नाही. पण उजेडात धरली की तो चट्टा असा काही दिसतो, जणू कपड्याला दुसऱ्या कापडाचं ठिगळ. आमच्या खोलीत झाडू मारणाऱ्या मावशींनासुद्धा दिसला असता. पिस्तूल चालायला त्याने काही बिघडत नाही, पण असा माल विकायला जात नाही. प्रत्येक बाकाच्या खुणेचा पंच वेगळा असतो; माझा चांदणीचा, तो खालच्या अंगाला आधीच पडलेला होता.

मला एवढंच हवं होतं की ह्यांनी थांबावं. ती स्लाइड उचलावी, कपाळाला आठी पडावी आणि म्हणावं, “हे काय? तुझ्या हातून?” ओरडले असते तरी चाललं असतं. चार लोकांत अपमान केला असता तरी चाललं असतं. माझ्याकडे बघितलं तर असतं!

ट्रे गेला. मी बाकावरून बघत होते. उचलली, ठसा, ठेवली.

एवढंच.

मी कागद खाली ठेवला आणि हात धुवायला गेले. परत आले तोवर ट्रे टाकीच्या खोलीत गेला होता. काढून आणायचा तर कुणाला काय सांगणार? मनाला म्हटलं, रंग चढला की तो चट्टा करडा होऊन आणखी उठून दिसतो. तेव्हा तरी दिसेल. दिसायलाच हवा.

२८ फेब्रुवारी

रंग चढून आली. करडा चट्टा, लांबूनही दिसावा असा. घारी नेमकी नोंदवही आणायला उठली होती. ह्यांनी कडेवर नख फिरवलं, शेवटचा ठसा मारला.

आता मला खात्री आहे. माझ्या हातून काय होतं, काय नाही, ह्याचं ह्या माणसाला सोयरसुतक नाही.

५ मार्च

गिऱ्हाइकाचा माणूस आला. बारीक अंगाचा, हातात पांढरे मोजे. पेटीतून सहज म्हणून एक काढली, दुसरी काढली, तिसरीला थांबला. सगळा माल थांबवलाय. उद्या साहेबांच्या खोलीत बोलावणं आहे, मला आणि ह्यांना.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, “काय सापडलंय गं त्यांना? मला कुणी नीट सांगतच नाही.”

मी म्हटलं, “उद्या कळेल.” मला वाटलं होतं मजा येईल. ताट तसंच झाकून ठेवलं.

६ मार्च

नीट लिहायला हवं. जमेल तसं लिहिते.

साहेबांच्या टेबलावर मऊ कापड, त्यावर ती स्लाइड. एका बाजूला गिऱ्हाइकाचा माणूस. नोंदींसाठी घारीलाही बोलावलं होतं, ती दाराशी. साहेब शांत होते. म्हणाले, “उजव्या अंगाला आडव्या रेघांचा चट्टा आहे. घासणाऱ्याची चूक, ते एक. पण दोनदा पास कसा झाला? बाकाची खूण चांदणी आहे.”

ह्यांनी स्लाइड उचलली. कडेवरून नख फिरवलं, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या. मग ठामपणे म्हणाले, “ही हिची नाही.”

चांदणी ह्यांच्या समोर होती. ह्यांच्या बोटाच्या अगदी शेजारी.

साहेब म्हणाले, “अहो, चांदणी आहे ना ती.”

“पंच चुकून पडला असेल. कुणी बाक बदलून बसलं असेल. साहेब, ही बाई इतकी वर्षं घासते आहे. आडवी रेघ हिच्या हातून जाणार नाही, मी लिहून देतो. माझी नोकरी घ्या, पण हिच्यावर हे घालू नका.”

“बरं,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “चट्टा कुठे आहे, त्यावर जरा बोट ठेवता?”

ह्यांनी स्लाइड वर धरली. आणि मान वळवली. स्लाइड समोर, आणि हे बघतायत भिंतीकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बघत डोळ्याच्या कडेने स्लाइड शोधतायत. जसे माझ्या कानाकडे बघतात, अगदी तसे. अंगठा लोखंडावरून पुढे-मागे फिरत होता, चट्ट्यावरूनसुद्धा गेला, आणि थांबला नाही.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं. स्कूटर, मीठ, चहा, केस, बसचा आकडा.

दाराशी घारी रडायला लागली. “साहेब, माझी चूक आहे,” म्हणाली. “मला माहीत होतं. माझाच एक डागाळलेला पीस ह्यांनी पास केला, तेव्हा मी परत घेऊन गेले होते. त्यानंतर बाकी सगळ्यांचे पीस मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, एकही वाईट जाऊ दिला नाही. फक्त ताईंचे... ताईंचे ते मला बघूच द्यायचे नाहीत. म्हणायचे, तिचे बघावे लागत नाहीत.”

तिचे बघावे लागत नाहीत.

मी पुढे झाले. ह्यांच्या हातातून स्लाइड घेतली आणि म्हटलं, “माझीच आहे. चूक नाही. मुद्दाम केलंय.”

साहेबांनी विचारलं, “का?”

गिऱ्हाइकाच्या माणसासमोर काय सांगणार? मी म्हटलं, “हे बघतात का, ते बघायला.”

त्यांना काय समजलं देव जाणे. हे मात्र माझ्या दिशेने वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. एवढंच म्हणाले, “तुझी आहे?” लहान मुलासारखं विचारलं. “खरंच तुझी आहे?”

७ मार्च

ह्यांना तपासणीवरून काढलं. नोकरीवरून नाही, डॉक्टरचा कागद येईपर्यंत घरी. मला स्लाइडवरून उचलून मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीच्या, पत्र्यांचे बर काढायला बसवलं. ते काम नवशिक्यांचं. हू की चू केलं नाही मी. सगळा माल पुन्हा तपासायचा आहे, आणि तपासणीच्या टेबलावर सध्या कोण? घारी. साहेब म्हणाले, तसंही महिनाभर तीच बघत होती.

एक खरं लिहिते. डोळे गेले, हे मी सोसेन. हात धरून फिरवीन, वाचून दाखवीन, काय लागेल ते करीन. पण तिला माहीत होतं आणि मला नव्हतं, हे कसं सोसू? एकाच घरात, एकाच पलंगावर, आणि माझ्या नवऱ्याचं दुःख त्या कालच्या पोरीला ठाऊक! तिच्याशी काही असतं ना, तर मी भांडले तरी असते. आता कुणाशी भांडू? वर तिचे उपकार मानायचे.

१२ मार्च

डॉक्टरकडे जाऊन आलो. तरुण डॉक्टरीण आहे, बोलते भराभर. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. सरळ रेघा आधी वाकड्या दिसायला लागतात, मग मधोमध डाग पडतो. डोळ्यात इंजेक्शन द्यायची आहेत. गेलेलं येणार नाही, उरलेलं टिकेल.

“कधीपासून होतंय?” तिने विचारलं.

“मागच्या पावसाळ्यापासून,” हे म्हणाले. त्या ट्रेच्या वेळेपासून! मी तेव्हा सगळ्यांबरोबर हसले होते.

येताना बसमध्ये खिडकीची जागा ह्यांना दिली, मग वाटलं, कशाला? मग वाटलं, असू दे, कडेचं दिसतंय ना. ह्यांनी आपणहून हात माझ्या हातावर ठेवला.

मी विचारलं, “मला का नाही सांगितलं?”

“तुला खोटं बोलता येत नाही,” म्हणाले. “साहेबांनी नुसतं विचारलं असतं, कसे आहेत तुमचे हे, तर तुझ्या तोंडावरच सगळं दिसलं असतं. ऑर्डरपर्यंत ढकलायचं होतं मला. तेवढी निघाली असती, तर मान वर करून बाहेर पडलो असतो.”

“आणि माझ्या कानाकडे का बघत होतात?”

“कानाकडे बघितलं की तुझा चेहरा थोडा दिसतो. सरळ बघितलं तर तिथे तूच नसतेस.”

मी ह्यांचा हात घट्ट धरला. मग ह्यांनीच विचारलं, “तो पीस. तू मुद्दाम का केलास गं? तिथे सांगितलंस ते मला नाही समजलं.”

खोटं सुचलं नाही. म्हटलं, “मला वाटलं, तुम्ही तिच्यावर भाळलात. तिच्याच कामाकडे बघता, तिच्याचकडे बघता. मी वेडी झाले होते हो. तुमचा मान घालवला मी.”

मला वाटलं, आता हात काढून घेतील. तर खांदे हलायला लागले. रडतायत म्हणून मी घाबरले, तर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघायला लागली.

“अगं,” म्हणाले, “ती आली तेव्हा माझं मधलं गेलेलं होतं. मी तिचं तोंड अजून बघितलेलं नाही. आवाजाने ओळखतो तिला. घारी म्हणतेस म्हणजे काय, डोळे घारे आहेत का तिचे?”

“हो.”

“आणि बाकी? कशी दिसते गं ती?”

सहज विचारलं. मनात काही नव्हतं, हे मला दिसत होतं. माझ्या नवऱ्याला जिने महिनाभर सांभाळलं, रस्ता ओलांडून दिला, आमच्यासाठी नोकरी पणाला लावून जी दाराशी रडली, तिच्याबद्दल एक चांगला शब्द काढायचा होता, एवढंच.

मी म्हटलं, “नाक फेंदारं आहे. दात पुढे. आणि मानच नाही.”

“असं होय,” हे म्हणाले. त्यांना ते खरंच वाटलं.

उद्या खरं सांगेन. उद्या नाही जमलं तर परवा.